सिंबाहच्या मागे एकशे चाळीस सायकली

मनिसरेंगो
३ जून २००२

ती. आईस,
वेनिंगचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे. तार्मोमामाची बकरी व्याली. दोन पिल्लं झाली, त्यातलं एक अगदी मामाच्याच तोंडवळ्याचं आहे, पण हे त्याला कळवू नकोस. माझं पंक्चरचं दुकान चाललंय. परवा शाळेतले जुने सर टायर घेऊन आले आणि म्हणाले की वेनिंग, तू परीक्षेला बसली असतीस तर आज कुठे असतीस. मी म्हणलं, सर, मग तुमचं पंक्चर कुणी काढलं असतं. त्यावर त्यांनी पंप स्वतःच हातात घेतला.

आता मुद्द्याचं. जुलैच्या पहिल्या शनिवारी-रविवारी नांगुलानच्या मैदानावर जुन्या सायकलवाल्यांचा मेळावा आहे. तंबूत राहायचं, रविवारी सगळ्यांनी मिळून फेरी मारायची, आणि उरलेला वेळ एकमेकांच्या सायकलींना नावं ठेवायची. तुझ्या बाबांना, म्हणजे आमच्या सिंबाहना, बोलावणं आलंय. तेही साधं नाही. मेळाव्यात सगळ्यात वडील तेच, म्हणून फेरीत पुढे त्यांची सायकल. कार्ड आल्यापासून चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा रोज सकाळी खोबरेल लावून सायकल पुसतोय. एकतीस वर्षं तिच्यावरून टपाल वाटलं, तेव्हा इतकी चमकत नसेल. आणि नांगुलान म्हणजे त्यांच्या टपालाच्या गावांच्या शेजारीच, मधे फक्त नदी.

पण तुला विचारल्याशिवाय जाणार नाही म्हणतात. मी म्हणलं, फोनच्या दुकानातून विचारू. तर म्हणाले की तिथे बोललेलं हाँगकाँगच्या आधी बाजारात पोचतं, घरातलं कागदावर विचारायचं. पोस्टमनच तो, दुसरं काय म्हणणार. म्हणून हे पत्र. मी सोबत असणार आहे, काळजी नाही. तू फक्त "जा" एवढंच लिही. उत्तर मीच वाचून दाखवीन, त्यांचा चष्मा हल्ली सापडत नाही.

लोभ आहेच, तो या एका उत्तरापुरता जरा वाढव.

तुझी,
वेनिंग


हाँगकाँग
१४ जून २००२

चि. वेनिंग हिस,
आईचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. बकरीचं वाचून हसले. पुढचं वाचून हसू गेलं.

चष्मा सापडत नाही असं तू गेल्या तीन पत्रांत लिहिलंयस. एवढ्या दोन खोल्यांत एक चष्मा किती वेळा हरवतो गं? मागच्या वर्षी बाबा सायकलसकट गटारात गेले तेव्हा तू लिहिलंस की मांजर आडवं आलं. मी तुझी आई आहे, वेनिंग. तुझी मांजरं मला माहीत आहेत.

जायचं नाही. नांगुलान चाळीस किलोमीटर आहे आणि रस्त्यावर ट्रक आहेत. ते गेले तर मी तार्मोला सांगून सायकल सोलोच्या जुन्या बाजारात देऊन टाकीन. मग तिला कितीही खोबरेल लावलेलं असो.

तुम्हाला वाटेल, लांब बसून हुकूम सोडते. मी इथे रोज सकाळी दुसऱ्या कुणाच्या तरी आईला चाकाच्या खुर्चीतून बागेत नेते. पायरी आली की तिचा हात धरते. माझ्या बाबांना पायरी आली तर हात धरायला मी तिथे नाही, एवढंच माझ्या डोक्यात असतं. बाकी माझं इथे छान चाललंय, काळजी करू नका.

हे पत्र बाबांना जसंच्या तसं वाचून दाखव. तुझ्या मनाचं काही घालू नकोस आणि काही गाळूही नकोस.

घरच्यांना आशीर्वाद. माझ्यावर राग धरलास तरी चालेल, पण ऐक.

तुझी आई,
सुमार्नी


नांगुलान, तंबू नंबर १७
६ जुलै २००२, दुपारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्ता वाचलास ना. आता बस, पाणी पी, मग पुढे वाच.

तुझं पत्र मिळालं होतं. सिंबाहना वाचूनही दाखवलं. फक्त मी असं वाचलं की बाबा, खुशाल जा, इतकी वर्षं राबलात, आता मजा करा, वेनिंग सोबत आहेच. शेवटी वेनिंगला नवीन चप्पल घ्या असंही घालणार होते, पण म्हणलं मर्यादा पाहिजे. सिंबाह डोळे मिटून ऐकत होते. झाल्यावर कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली, खिशात ठेवला, आणि म्हणाले की बरं लिहिलंय.

रागाव, पण त्यांचा यात दोष नाही. तू नाही म्हणाली आहेस हे त्यांना माहीतच नाही. सायकल विकायची असेल तर माझी विक.

आम्ही पहाटे निघालो आणि उन्हं चढायच्या आत पोचलो. एकदाही पडलो नाही. आमचा घंटीचा एक कायदा आहे. मी मागून एकदा वाजवली की डावीकडे, दोनदा वाजवली की उजवीकडे, आणि लांब वाजवत राहिले की जागच्या जागी थांबायचं. वर्षभर बाजाराला असेच जातो. असं का, ते घरी आल्यावर सांगीन. तुला कळलं असेलच म्हणा.

इथली गंमत ऐक. सगळे म्हातारे जुन्या काळातले कपडे घालून आलेत. मेळाव्याचे अध्यक्ष पाक मुर्सिद स्वातंत्र्यसैनिक झालेत, खांद्याला लाकडी बंदूक. मधली दोन बटणं लागत नाहीत, तिथे त्यांनी बिल्ले लावलेत. जो येतो तो दुसऱ्याच्या सायकलीपुढे उकिडवा बसतो, दांडीवरचा नंबर बोटानं चाचपतो आणि म्हणतो की सायकल छान आहे हो, फक्त मडगार्ड नंतरचं दिसतंय. मग दोघांत दोन दिवस अबोला. सिंबाहच्या सायकलीपुढे मात्र सगळे नुसतेच बसतात. तिच्यावर टपालाच्या पिशवीचे घासलेले पट्टे अजून आहेत ना. एकानं तर हात जोडले.

सिंबाह खुर्चीत बसून चहा पितायत. कुणी आलं की आवाजावरून ओळखतात. गेल्या वर्षभरात मी त्यांना असं हसताना पाहिलेलं नाही, आई.

पत्र पोचेल तेव्हा आम्ही घरी असू. शिव्या जपून ठेव, लोभही.

तुझी,
वेनिंग


मनिसरेंगो
९ जुलै २००२

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे की सिंबाह ठीक आहेत. खरचटलंसुद्धा नाही. हे मी मनाचं घातलेलं नाही. आता सगळं सांगते, एकही गोष्ट न गाळता.

रविवारी सकाळी फेरी निघाली. एकशे चाळीस सायकली, पुढे सिंबाह, डोक्याला ब्लांगकोन, अंगात पट्ट्यांचा सुरजान. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे पाक मुर्सिद आणि बंदूक. पूल ओलांडून उजवीकडे वळायचं आणि बाजाराच्या पटांगणात जाऊन गुडेग-भात खायचा, असं ठरलेलं. मोठ्या माणसाच्या पुढे सायकल काढायची नाही, ही तर शिकवायची गोष्टच नाही. सगळे त्यांच्याच चालीनं चालले होते. सिंबाहना वाटत होतं की आपल्यामुळे लोकांचा खोळंबा होतोय, म्हणून ते जोरात मारत होते. लोकांना वाटत होतं की म्हाताऱ्यात काय दम आहे बघा, म्हणून तेही जोरात. सगळ्यांना धाप लागलेली, पण हळू कोण म्हणणार?

आता माझी चूक. मी एका पुठ्ठ्यावर "विकणे आहे, सायकल आणि मालक दोन्ही" असं लिहून आणलं होतं. ते पाक मुर्सिदच्या कॅरियरला अडकवायचं होतं. त्यासाठी मी मागे रेंगाळले. पुठ्ठा अडकवला. मग लोक कसे हसतात ते बघायला आणखी मागे, अगदी शेपटापर्यंत गेले. तेवढ्यात फाटा आला.

फाट्यावर दोनदा घंटी वाजायला हवी होती. मागे एकशे चाळीस जण उगाचच घंट्या वाजवत होते. त्यात सिंबाहना काय ऐकू आलं, की पायांनीच जुनी सवय उकरून काढली, त्यांनाही सांगता येत नाही. ते डावीकडे वळले. कालव्याकाठच्या टपालाच्या रस्त्याला.

आणि आई, सगळेच्या सगळे त्यांच्या मागे वळले. पाक मुर्सिदना पहिल्याच वळणावर कळलं होतं, त्यांनी मला नंतर सांगितलं. पण इतक्या वडील माणसाला, तेही मान देऊन पुढे ठेवलेल्या, तुम्ही चुकलात असं कसं म्हणायचं? त्यांच्या मागच्यांना वाटलं की हे अध्यक्षांनीच ठरवलं असेल. त्यांच्या मागच्यांना वाटलं की जेवणाची जागा बदलली. शेपटाकडचे तर म्हणत होते की तिकडे बदकाचं मटण आहे. बदक कुठून आलं देव जाणे. चार किलोमीटर, आई. एकानंही तोंड उघडलं नाही.

मी पुढे जायला बघत होते, पण रस्ता बैलगाडीएवढा आणि त्यावर सगळे आजोबा. प्रत्येकाला वाकून माफ करा म्हणत किती जणांना ओलांडणार. मग शेताच्या पलीकडे नजर गेली. रस्ता वळसा घालून कालव्याला भिडतो, तिथे सिंबाहचा बांबूचा पूल असायचा. लहानपणी तूही त्यांच्या दांडीवर बसून त्यावरून गेली आहेस म्हणे. तो पूल नाहीये. दोन खांब उभे आहेत आणि मधे भगदाड, खाली पुरुषभर पाणी.

मी घंटी लांब दाबून धरली. एकशे चाळीस घंट्यांत ती कुठे ऐकू जाणार. सायकल टाकली आणि बांधावरून, चिखलातून धावत सुटले. थांबा थांबा ओरडत होते. सिंबाहनी आवाज ओळखला, हसले आणि मला हात केला. त्यांना वाटलं मी आनंदानं ओरडतेय. मग मी जे वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं. की सिंबाह, तुम्हाला दिसत नाहीये, पुढे पूल नाही.

त्यांनी ब्रेक दाबले. पुढचं चाक काठापासून दोन वीत.

घंट्या एकेक करून बंद झाल्या. सिंबाह उतरले. पायानं पुढची जमीन चाचपली, जिथे संपली तिथे पाऊल मागे घेतलं. मला हळूच विचारलं की पूल कधी गेला गं. मी म्हणलं, माहीत नाही. त्यांची मान खाली गेली. मला वाटलं, यापेक्षा मी मांजर आडवं आलं म्हणले असते तर बरं होतं.

तेव्हा पाक मुर्सिद पुढे आले, बंदूक काढून ठेवली, वाकले, आणि म्हणाले की बापा, आपला जुना रस्ता बघायची आमची फार दिवसांची इच्छा होती, आज आपण दाखवलात, आभारी आहोत. मागे सगळ्यांनी माना हलवल्या. बदकवाल्यांनीसुद्धा. पाक मुर्सिदच्या सायकलीमागे माझा पुठ्ठा लटकत होता. मी तो गुपचूप काढला आणि कालव्यात टाकला.

काठावरच्या घरातून एक म्हातारी आली. तुकिनेम तिचं नाव. तिनं सिंबाहची घंटी ओळखली होती. पंधरा वर्षांनी, एकशे चाळीसांतून. एवढ्या लोकांना बघून घाबरली नाही, थेट चुलीवर टोप चढवला. शेजारपाजारचे आले. उकडलेला कसावा, शेंगा आणि चहा, जेवढ्यांना पुरला तेवढ्यांना. बाकीच्यांनी पुरला असं म्हणलं.

तुकिनेम आजीला वाचता येत नाही. तिचा मुलगा लाम्पुंगला असतो, त्याची पत्रं सिंबाहच वाचून दाखवायचे. ती मला म्हणाली की पोरी, तुझा आजोबा पोस्टात होता तोवर माझा मुलगा दर पत्रात विचारायचा, आई, जेवलीस का. नवीन पोस्टमन आला आणि मुलानं विचारायचं बंद केलं. असं म्हणून ती पदरात तोंड घालून खूप हसली. सिंबाह कपाकडे बघत होते. कान लाल.

फेरीत एक बू हर्तिनी होत्या, जोग्या शहरात डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स. त्यांनी सिंबाहना उन्हाकडे तोंड करून बसवलं, पापणी वर केली आणि म्हणाल्या की बापा, हा साधा मोतीबिंदू आहे, काढता येतो, इतके दिवस कुणाची वाट बघत होतात. मला माहीत होतं. डोळे गेले असं कळलं की सायकल जाईल, म्हणून ते कुणाला दाखवतच नव्हते.

परतताना टेंपोत बसलो, सायकली वर बांधल्या. अर्ध्या रस्त्यात सिंबाह म्हणाले की तुझ्या आईनं जायला नाही सांगितलं होतं ना. मी विचारलं की कुणी सांगितलं. म्हणाले की तूच. खरं पत्र वाचताना माणूस अडखळतो गं. पुढे काय आहे माहीत नसतं, अक्षर लागत नाही, कधी घशात येतं. तू पाण्यासारखं वाचलंस. मी अशी कितीतरी पत्रं वाचली आहेत, मला चाल कळते. मी म्हणलं, मग तेव्हाच का नाही बोललात. तर म्हणाले की ऐकायला गोड लागलं, म्हणून वाहू दिलं. चूक तुझी अर्धी आणि माझी अर्धी. आणि तुकिनेमची माफी मागायची राहिली.

सायकलीचं काय करायचं ते तू ठरव. मी ठरवलं की काय होतं ते वाचलंसच.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.

तुझी,
वेनिंग


हाँगकाँग
२० जुलै २००२

चि. वेनिंग हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र बागेतल्या बाकावर वाचलं. कालव्यापर्यंत आले आणि पुढचं पान उलटायला हात होईना. आमच्या म्हातारीनं विचारलं की कोण गेलं. मी म्हणलं, कुणी नाही, वाचले.

तुझ्यावर मी फार रागावले आहे. तो राग मी येताना घेऊन येणार आहे, इथे कागदावर मावणार नाही. धावलीस, ओरडलीस, ते बरोबर केलंस. एवढंच.

आता पुढचं बाबांसाठी. जसंच्या तसं वाच. अडखळलीस तर अडखळ.

बाबा, बू हर्तिनींकडे जाऊन डोळे करून घ्या. तोवर सायकलला कुलूप, आणि किल्ली तार्मोकडे, वेनिंगकडे नव्हे. सायकल विकणार नाही. डोळे आल्यावर चालवायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी लांबून ठरवलं की तुम्ही दोघं काय करता ते मला कळलं.

आणि बाबा, माझी पत्रं पण तुम्हाला पाण्यासारखीच लागत असतील. पाच वर्षं मी शेवटी छान चाललंय असं लिहिते. इथली म्हातारी मला तिच्या मुलीच्या नावानं हाक मारते. मुलगी याच शहरात असते, येत नाही. मी ओ देते. रविवारी बाकीच्या बायका पार्कात चटया टाकून बसतात, डबे उघडतात, मी पण बसते, तरी एकटं वाटतं. कंत्राटाचं एक वर्ष उरलंय. मग मी येते.

बाबा, जेवलात का?

तुमची,
सुमार्नी


मनिसरेंगो
१८ ऑगस्ट २००२

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र त्याच दिवशी वाचून दाखवलं होतं. तीनदा अडखळले. तिसऱ्यांदा तर थांबलेच. मग शेवटची ओळ वाचली. सिंबाह म्हणाले की ही तू घातलीस. मी म्हणलं, शपथ. तर म्हणाले की तुझ्या शपथा माहीत आहेत, आणि सुमार्नीनं असं कधी विचारलेलं नाही. पत्र घेतलं, उशीखाली ठेवलं. मी काय करणार? आई, इतकी वर्षं थापा मारल्या तेव्हा सगळ्यांनी मान हलवली, आणि एकदा खरं वाचलं तर हे.

परवा एक डोळा झाला. बू हर्तिनी स्वतः आल्या होत्या. काल सतरा ऑगस्टची, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक होती. गावातले सायकलवाले आपल्या दारावरून गेले, आणि दारासमोर प्रत्येकानं एकेकदाच घंटी वाजवली. सिंबाह पट्टी बांधून पायरीवर बसले होते. प्रत्येक घंटीला मालकाचं नाव सांगत होते. एकच चुकलं. त्या माणसानं लगेच नवीन घंटी बसवल्याबद्दल माफी मागितली.

आज सकाळी पट्टी सोडली. आधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले की बारीक झालीस. मग तार्मोमामाकडे बघून, तू नाही झालास. मग उशीखालचा कागद मागितला.

दारात उजेडाला बसून वाचायला लागले. बोट ठेवून, एकेक शब्द. तू म्हातारीला ओ देतेस, तिथे बोट थांबलं. पार्कात पुन्हा थांबलं. शेवटच्या ओळीवर आल्यावर ते वाचेनातच. मी म्हणलं, सिंबाह, अक्षर लागत नाही का? म्हणाले, लागतंय. मग म्हणाले की आत जा आणि पेन आण, आणि माझ्या मागे उभी राहू नकोस.

त्यांनी काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही. पाकीट त्यांनीच चिकटवलं, आणि पोस्टमनच्या घरचं पाकीट फोडायची हिंमत माझ्यातही नाही. किल्ली अजून तार्मोमामाकडेच आहे.

चपलेचं मी तेव्हा घातलं नव्हतं, हे लक्षात ठेवून लोभ ठेव.

तुझी,
वेनिंग


मनिसरेंगो
१८ ऑगस्ट

चि. सुमार्नी हिस,
अ. उ. आ.

हे माझ्या हातानं लिहितोय. एकाच डोळ्यानं लिहिलंय म्हणून ओळी वाकड्या आहेत.

जेवलो. भात, तेंपे, पालेभाजी. भाजी वेनिंगनं केली होती, खारट झाली. खाल्ली.

पुढच्या रविवारी मी मागच्या कॅरियरवर बसून तुकिनेमकडे जाणार आहे. सायकल वेनिंग चालवील. तुकिनेमच्या मुलाचं एक नवं पत्र आलंय, ते तिला आहे तसं वाचून दाखवायचंय.

इथून पुढे तूही आहे तसंच लिही. मी स्वतः वाचीन. वेळ लागला तर लागू दे.

तू जेवलीस का?

तुझा,
बाबा